खोट्या फिर्यादीत नाव आलं, तर कोणत्या टप्प्यावर काय करायचं

आपल्यावर खोटा गुन्हा दाखल झाल्याचं कळलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘हायकोर्टात जाऊ आणि रद्द करून घेऊ’. काही प्रकरणांत तोच रस्ता बरोबर असतो. पण कित्येकदा या धावपळीत सुरुवातीचे मोलाचे दिवस निघून जातात, पैसे जातात आणि शेवटी याचिका मागे घ्यावी लागते. कारण हायकोर्ट या टप्प्यावर खरं-खोटं तपासत बसत नाही. फिर्यादीत लिहिलंय ते सगळं जसंच्या तसं खरं धरलं तर गुन्हा होतो का, एवढंच ते मुख्यतः बघतं.

म्हणून आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: माझ्यावरची फिर्याद कोणत्या अर्थाने खोटी आहे? एका प्रकारात घटना घडलेली असते, पण तिला गुन्ह्याचा रंग दिलेला असतो. धंद्यात उधारी थकली, फ्लॅटचा व्यवहार फिसकटला आणि समोरच्याने फसवणुकीची फिर्याद दिली. दुसऱ्या प्रकारात घटनाच घडलेली नसते. मारहाण झाली म्हणतात त्या वेळी तुम्ही दुसऱ्या गावात होता. पहिल्या प्रकारात हायकोर्टात लवकर जाण्यात अर्थ आहे. दुसऱ्या प्रकारात लढाई पुराव्याची असते आणि ती पोलीस ठाण्यातच सुरू होते.

पुढे जाण्याआधी कलमांबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं. एक घोटाळा फार होतो: जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ हे गुन्हा रद्द करण्याचं कलम होतं. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचा अधिकार ५२८ मध्ये आहे. जुने निकाल वाचताना हे ध्यानात ठेवा.

१. कागद नेमका कोणता आहे ते आधी बघा

‘माझ्यावर केस केली’ या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

नुसता तक्रार अर्ज असेल तर अजून गुन्हा दाखल झालेला नाही. पोलीस अर्जाच्या चौकशीसाठी बोलावतात. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. ही संधी लोक वाया घालवतात. याच वेळी कागदपत्रांसह लेखी म्हणणं दिलं तर गुन्हा दाखल होण्याआधीच प्रकरण मिटू शकतं.

एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. तिच्यासाठी हायकोर्टात धावायची गरज नसते. मात्र एकामागून एक एनसी पडत गेल्या तर चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची नोटीस येऊ शकते. तेव्हा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहून लेखी उत्तर द्या, न वाचता कोणत्याही बंधपत्रावर सही करू नका.

तिसरी गोष्ट एफआयआर आणि चौथी थेट कोर्टात केलेली खासगी फिर्याद. खासगी फिर्यादीचं पुढे वेगळं सांगतो.

२. एफआयआर मिळवा आणि ओळ न् ओळ वाचा

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानुसार एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचा असतो. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून तो शोधता येतो. नाही सापडला तर ठाण्यात अर्ज करा किंवा वकिलामार्फत कोर्टातून प्रमाणित प्रत काढा.

प्रत हातात आली की पेन घेऊन बसा. या तीन गोष्टींच्या तारखा-वेळा एकमेकांशेजारी लिहून काढा: घटना कधी घडली असं म्हणतात, ठाण्यात खबर कधी मिळाली, गुन्हा कधी नोंदला. घटना आणि खबर यांच्यात चार महिने गेले असतील तर उशिराचं कारण काय दिलंय ते बघा. ती जागा कोरी असेल तर तशी नोंद करून ठेवा. मग स्वतःचं नाव कुठे कुठे येतं ते अधोरेखित करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे मी नेमकं काय केलं असं म्हटलंय? तारीख आहे? जागा आहे? साक्षीदार आहे? ‘सासरच्या सर्वांनी संगनमत करून मानसिक व शारीरिक छळ केला’ या वाक्यात बडोद्याला नांदणाऱ्या नणंदेने काय केलं हे कुठेच नसतं. अशा मोघम आरोपांवर नातेवाइकांना खटल्याला तोंड द्यायला लावू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये काहकशां कौसर प्रकरणात म्हटलं आणि नंतरही अनेकदा सांगितलं. म्हणूनच अशा प्रकरणांत दूर राहणाऱ्या नातेवाइकांपुरता गुन्हा रद्द होतो आणि नवऱ्यावरचा चालू राहतो, असं वारंवार दिसतं. सगळ्यांची एकच याचिका करायची की वेगवेगळी, हे यावरूनच ठरवा.

३. अटकेची काळजी आधी, रद्द करण्याची नंतर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, असंही सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण म्हणून ‘नोटीस नीट बजावलीच नाही’ या भरवशावर घरी बसू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की रीतसर नोटीस द्या, मी हजर राहतो. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. गैरहजर राहिलात तर तीच गैरहजेरी अटकेचं कारण होते.

गुन्हा गंभीर असेल किंवा अटकेची खरी भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागा. कायद्याने सत्र न्यायालय आणि हायकोर्ट दोन्हीकडे जाता येतं, पण रिवाज आधी सत्र न्यायालयाचा. अर्जाबरोबरच अंतरिम संरक्षण मागायला विसरू नका, नाहीतर सुनावणीच्या तारखेआधीच अटक होऊ शकते. फिर्याद दुसऱ्या राज्यात झाली असेल, म्हणजे तुम्ही पुण्यात आणि गुन्हा लखनौत, तर तिथल्या कोर्टात पोहोचेपर्यंत इथल्या कोर्टाकडून मर्यादित मुदतीचं संरक्षण मिळू शकतं. २०२३ च्या प्रिया इंदोरिया निकालाने हे मान्य केलं आहे.

अॅट्रॉसिटी कायद्यात कलम १८ आणि १८अ मुळे अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. तरीही फिर्यादीवरून प्रथमदर्शनी त्या कायद्याखालचा गुन्हाच दिसत नसेल तर ही मनाई आड येत नाही, असं २०२० मध्ये पृथ्वीराज चौहान प्रकरणात ठरलं.

खिशाला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

४. पुरावा तपासाच्या कागदांत शिरला पाहिजे

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून जरा सविस्तर.

पुष्कळ जण म्हणतात, ‘माझ्याकडे सगळे पुरावे आहेत, ते मी कोर्टातच दाखवीन.’ यातला धोका कोणी सांगत नाही. दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झाल्यावर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच मला सोडा असा अर्ज करता येतो, पण त्या अर्जावर कोर्ट फिर्यादी पक्षाचेच कागद वाचतं. आरोपीने आणलेले कागद त्या टप्प्यावर बघायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने देवेंद्रनाथ पाधी प्रकरणात २००४ च्या अखेरीस ठरवून दिलं आणि अजून तोच नियम आहे. म्हणजे तुमच्या निर्दोषपणाचा कागद तपासात शिरला नाही, तर तो वाचला जायला खटल्यात बचावाची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. त्यात वर्षं जातात.

म्हणून गुन्हा दाखल झाल्याबरोबर हे करा. तपास अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज लिहा. वर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि पोलीस ठाणं. खाली कागदांची क्रमवार यादी: बँकेचा उतारा, करारनामा, टोलची पावती, हजेरीपट, दवाखान्याचा कागद, जे असेल ते. प्रती जोडा, मूळ कागद स्वतःकडे ठेवा. ठाण्याच्या आवक-जावकला अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा. उद्या हे कागद दोषारोपपत्रात नसले तर ‘मी अमुक तारखेला दिले होते, तपास अधिकाऱ्याने बाजूला ठेवले’ असं दाखवता येतं, आणि या मुद्द्याला हायकोर्टात वजन असतं.

सीसीटीव्हीची घाई करा. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं चित्रण चढतं. सोसायटी, दुकान, हॉटेल, जिथलं असेल तिथे चित्रण जपून ठेवण्याचं लेखी पत्र त्याच दिवशी द्या. मोबाइलचे कॉल आणि टॉवरचे तपशील कंपनी तुम्हाला सहज देणार नाही. ते जपून ठेवायला सांगावं, असा अर्ज पोलिसांकडे आणि गरज पडल्यास कोर्टात करा.

चॅट असलेला फोन विकू नका, रिसेट करू नका, एकही मेसेज पुसू नका. अगदी तुमच्याविरुद्ध जाईल असं वाटणारा मेसेजसुद्धा. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

फिर्याद देणाऱ्याला किंवा त्याच्या साक्षीदारांना फोन करून ‘असं का केलंस’ म्हणून विचारू नका. तुमचा हेतू कितीही साधा असो, जामीन रद्द करायला तो एक फोन पुरतो. आणि उलट खोटी फिर्याद देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने तुमचं खरंही संशयाच्या फेऱ्यात सापडतं.

५. बी समरी, सी समरी म्हणजे काय

तपासात काही निघालं नाही तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात याचे वर्ग आहेत. ए समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्याद खोडसाळ आणि खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. घटनाच घडलेली नसेल तर तुम्हाला हवी ती बी समरी. फिर्याद देणाऱ्यावर पुढे कारवाई करायची असेल तर बी आणि सी मधला फरक मोठा ठरतो.

पोलिसांनी अहवाल पाठवला म्हणजे विषय संपला असं नाही. फिर्यादीला नोटीस जाते, तो विरोध अर्ज करू शकतो आणि दंडाधिकारी अहवाल नाकारूही शकतात. समरी मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

६. हायकोर्टात गुन्हा रद्द करणं

कलम ५२८ आणि राज्यघटनेचा अनुच्छेद २२६ यांखाली ही याचिका होते. मुंबई हायकोर्टाची मुख्य पीठाशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे खंडपीठं आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या माणसाला मुंबईच्या फेऱ्या मारायला नकोत.

गुन्हा कधी रद्द होतो याची चौकट हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या निकालाने घालून दिली. निकाल नोव्हेंबर १९९० चा, पण १९९२ चा म्हणून उद्धृत होतो. त्यात सात प्रकार सांगितले आहेत. मजकूर खरा मानला तरी गुन्हा होत नाही, आरोप इतके अशक्य की कोणीही शहाणा माणूस त्यावर विश्वास ठेवणार नाही, कायद्याची स्पष्ट आडकाठी आहे, सूड उगवायला दुष्ट हेतूने कारवाई केली आहे, हे त्यातले नेहमी कामाला येणारे. गंमत नाही, गांभीर्याने घेण्याची गोष्ट अशी की त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने एफआयआर रद्द करणारा हायकोर्टाचा आदेश बाजूला सारला होता. हा अधिकार विरळा वापरायचा, हे त्या निकालाचंच दुसरं अंग आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात २०२१ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते पुन्हा ठासून सांगितलं: तपास सुरू असताना ‘कठोर कारवाई करू नये’ असे आदेश सरसकट देऊ नयेत. त्यामुळे याचिका दाखल केली की आपोआप अटकेपासून संरक्षण मिळतं, या समजात राहू नका. अटकपूर्व जामिनाचा विचार आधी करायला सांगितलं ते याचसाठी.

दिवाणी वादाला फौजदारी रंग दिलेल्या प्रकरणांत मात्र हा उपाय खरोखर चालतो. फसवणूक ठरायला व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू लागतो, नंतर पैसे थकले म्हणून फसवणूक होत नाही. समजा तुम्ही दहा लाखांचा माल घेतला, सहा लाख वेळच्या वेळी बँकेतून दिले, उरलेल्या मालाच्या दर्जावरून ईमेलवर वाद झाला आणि दीड वर्षाने फसवणुकीचा गुन्हा आला. ते सहा लाख आणि ते ईमेल हाच तुमचा बचाव आहे. फिर्यादीने एकाच व्यवहारावर फसवणूक आणि विश्वासघात अशी दोन्ही कलमं लावली असतील तर दिल्ली रेस क्लब प्रकरणातला २०२४ चा निकाल वकिलाला दाखवा. एकाच घटनेवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असं त्यात सांगितलं आहे.

घटना घडलीच नाही असं म्हणणं असेल तर हायकोर्टापुढे वाटेल तो कागद चालत नाही. राजीव थापर प्रकरणात २०१३ मध्ये कसोटी दिली आहे: कागद निर्विवाद हवा, फिर्यादी ज्याला नाकारू शकणार नाही असा, आणि त्याने आरोपाचा पायाच उखडला पाहिजे. त्या तारखेचा इमिग्रेशनचा शिक्का असलेला पासपोर्ट या कसोटीला उतरतो. मित्राचं प्रतिज्ञापत्र उतरत नाही.

याचिका प्रलंबित असताना दोषारोपपत्र आलं तर ती निरर्थक होत नाही. दोषारोपपत्रानंतरही हायकोर्ट हस्तक्षेप करू शकतं, फक्त याचिकेत दुरुस्ती करून दोषारोपपत्राला आव्हान द्यावं लागतं. सरकारबरोबर मूळ फिर्यादीलाही प्रतिवादी करा. आणि आपल्याविरुद्ध जाणारा कागद लपवून याचिका करू नका, तो समोरून पुढे आला की बाकीचा खरा मुद्दाही कोणी ऐकत नाही.

समोरचा पक्ष तडजोडीला तयार असेल तर खासगी स्वरूपाच्या वादांत संमतीने गुन्हा रद्द होतो, ग्यान सिंग प्रकरणातल्या २०१२ च्या निकालाप्रमाणे. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत ही वाट जवळजवळ बंद आहे. निर्दोष असताना तडजोड करायची का, हा ज्याचा त्याचा निर्णय. नवरा-बायकोच्या किंवा भाऊबंदकीच्या वादात सगळ्या खटल्यांचा एकदम निकाल लागत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पैशासाठी अडवणूक म्हणून केलेल्या फिर्यादीत नाही.

७. दोषारोपपत्र आल्यानंतर

नव्या संहितेने इथे मुदत घातली आहे. दंडाधिकाऱ्यांपुढच्या पोलीस खटल्यात कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत कलम २६२ खाली, आणि सत्र खटल्यात प्रकरण वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत कलम २५० खाली दोषमुक्तीचा अर्ज करायचा. अर्ज फेटाळला तर ९० दिवसांत पुनरीक्षण, म्हणजे वरच्या कोर्टाकडून त्या आदेशाची तपासणी. दोषारोपपत्रातले साक्षीदारांचे जबाब, पंचनामा आणि वैद्यकीय दाखला एकमेकांशेजारी ठेवून वाचा, विसंगती तिथेच सापडतात.

८. थेट कोर्टात केलेली खासगी फिर्याद

इथे नवा कायदा आरोपीच्या बाजूने बदलला आहे. पूर्वी समन्स येईपर्यंत आरोपीला पत्ताच नसायचा. आता कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी त्याला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. ही नोटीस आली की तारीख चुकवू नका. एकदा समन्स काढल्यावर दंडाधिकाऱ्यांना स्वतःचा आदेश मागे घेता येत नाही, हे अदालत प्रसाद प्रकरणात २००४ मध्येच ठरलंय. मग पुनरीक्षण किंवा हायकोर्ट हेच मार्ग उरतात.

९. खोटी फिर्याद देणाऱ्यावर कारवाई

निर्दोष सुटलात म्हणजे फिर्याद खोटी ठरली असं नव्हे. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘जाणूनबुजून खोटं रचलं’ यांत कायदा फरक करतो, आणि तो फरक ठेवायलाच हवा, नाहीतर खरोखर सोसलेली माणसं फिर्याद द्यायला घाबरतील. खोटं मुद्दाम रचलं होतं असं दाखवता येत असेल तर मार्ग आहेत. सरकारी नोकराला खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, पण त्याची लेखी फिर्याद त्या अधिकाऱ्याकडूनच जावी लागते. नुकसान करायच्या हेतूने खोटा गुन्हा लादल्यास कलम २४८ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि लादलेला आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोर्टापुढे खोटी साक्ष किंवा खोटा कागद आला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टात अर्ज करा. दंडाधिकाऱ्यांना आरोप बिनबुडाचा वाटला तर कलम २७३ खाली ते फिर्यादीला भरपाई द्यायला लावू शकतात. सुटकेचा आदेश होताच वकिलाला तोंडी का होईना, ही मागणी करायला सांगा.

दिवाणी कोर्टात दुष्ट हेतूने खटला चालवल्याबद्दल भरपाईचा दावाही करता येतो. त्याची मुदत फक्त एक वर्ष आहे, सुटका झाल्यापासून किंवा कारवाई संपल्यापासून. दमून गेलेली माणसं ‘आता नको ते कोर्ट’ म्हणतात आणि ती निघून जाते.

आदेश कोणताही असो, समरी मंजुरीचा, रद्द केल्याचा, दोषमुक्तीचा किंवा सुटकेचा, त्याच्या पाच-सहा प्रमाणित प्रती काढून ठेवा. एक पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन शिक्का घ्या आणि नोंदीत निकालाची स्थिती भरायला सांगा. नाहीतर दोन वर्षांनी पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा ‘प्रलंबित’ म्हणून दिसतो. पडताळणीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर तो लपवू नका, खरं लिहा आणि आदेशाची प्रत सोबत जोडा.